इंगळे मॅडमच्या अर्ध्या पिशव्या

बुलढाण्याहून धाड गावाला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत इंगळे मॅडमची जागा ठरलेली होती, ड्रायव्हरच्या अगदी मागची. ती त्यांनी हवेसाठी धरलेली नव्हती. ड्रायव्हरचे डोळे उघडे आहेत की नाहीत, हे तिथून आरशात दिसत असे. बस गाव सोडून उताराला लागली की त्या पुढे वाकून विचारायच्या, "भाऊ, चहा झाला का तुमचा?" भाऊ 'हाव' म्हणाले की त्या मागे टेकायच्या, खांद्यावरच्या पर्समधून लोकर आणि सुया काढायच्या आणि विणायला लागायच्या. एखादा नवा ड्रायव्हर असला तर त्याला वाटायचं, बाई आता चहा पाजतात. तसं कधी झालं नाही.

धाडला उतरून आम्ही काळीपिवळी जीप धरायचो आणि पुढच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोचायचो. मी तिथं नवा लागलो तेव्हा मॅडम तिथल्या जुन्या शिक्षिका होत्या. उंच, सडसडीत, केसांचा घट्ट अंबाडा, आणि कपाळावर कायमची एक आठी. ती रागाची नव्हती. समोरच्या माणसाला कुठून काय होऊ शकेल याचा हिशेब तिथं चाललेला असे.

त्यांची पर्स एकदा माझ्या हातून टेबलावरून पडली. आत टॉर्च, साखर-मिठाच्या पुड्या, सेफ्टी पिनांची माळ, चिकटपट्टी आणि नायलॉनच्या दोरीचा एक भरभक्कम गुंडाळा.

"मॅडम, दोरी कायले?"

"विहिरीत कोणी पडलं तं?"

शाळेच्या आसपास विहीर नव्हती. मी तसं म्हटलं. "शाळेपाशी नाही, पण गावात आहेत ना," असं म्हणून त्यांनी दोरी पुन्हा नीट गुंडाळून ठेवली. वर्गात हजेरी सकाळी व्हायची ती तर सगळेच घेतात. मॅडम मधल्या सुट्टीनंतर पुन्हा घ्यायच्या, आणि घरी सोडताना फाटकाशी उभ्या राहून आणखी एकदा डोकी मोजायच्या. आम्ही चेष्टा करायचो. त्या चिडायच्या नाहीत. म्हणायच्या, "काळजी कोणी ना कोणी तं करावंच लागते, सर. नाही तं माणूस उघडं पडते."

आणि या काळजीचं विणकाम व्हायचं. हे मी अलंकारिक बोलत नाही. कोणाची काळजी लागली की मॅडम सुईवर टाके घ्यायच्या आणि एक पिशवी सुरू करायच्या. लोकरीची, खांद्याला अडकवायची, एक सुई सुलट एक सुई उलट, अशी साधीच. ते माणूस सुखरूप आलं की हातातलं काम जिथं असेल तिथं थांबायचं. टाके एका दोऱ्यात ओवून गाठ मारायची, सुया काढून घ्यायच्या आणि ती अर्धी पिशवी घरच्या पत्र्याच्या पेटीत जायची. पुढची काळजी आली की नवी लोकर, नवी पिशवी. मागची उचलून पुढं विणली असं कधीच नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "एकाची काळजी दुसऱ्याच्या काळजीत मिसळू नाही."

आम्हाला हे सगळं बाईंचं वेड वाटायचं. फळ्यावर 'हातातले काम पुरे करावे' असा सुविचार मॅडमच्या वळणदार अक्षरात आणि खाली खुर्चीत अर्धी पिशवी. आमचे हेडसर तर स्टाफरूममध्ये म्हणायचे, "इंगळे मॅडमची एक पिशवी पुरी झाली का मी शाळेत पेढे वाटतो." मॅडम हसायच्या. "राह्यलं आपलं," एवढंच म्हणायच्या.

खरं कारण मला फार उशिरा, त्यांच्या निरोपाच्या दिवशी कळलं. पण ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. ते माहीत नसेल तर पुढं त्या दिवशी काय झालं याचा अर्थ लागणार नाही.

मॅडमचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. लग्न झाल्यापासून हे पिशवीचं सुरू झालं. ते लांबच्या ड्युटीवर गेले की या विणायला बसायच्या, त्यांचा पाय उंबऱ्यात पडला की सुया खाली. घाटातून, पावसातून, बंद-दंगलीतून ते कायम घरी आले. निवृत्त झाले. मग एकदा बहिणीच्या नातवाच्या बारशाला संग्रामपूरकडे गेले. दुसऱ्याची गाडी, दुसरा ड्रायव्हर, जायचं आणि संध्याकाळी यायचं. काळजीचं काहीच नव्हतं, तरी सवयीनं मॅडमनी पिशवी काढली. त्या दिवशी सुट्टी होती, घरात कोणी नव्हतं, हात भराभर चालला. दुपारपर्यंत पिशवी होत आली. त्यांना वाटलं, आता एवढी झालीच आहे तर करून टाकू पुरी. टाके बंद केले, बाजू शिवल्या, खांद्याचा बंद लावला, आणि खुंटीला अडकवून जरा लांब उभं राहून बघितली. तेवढ्यात फोन आला. जेवणाच्या पंगतीतून उठताना इंगळेभाऊ छातीला हात लावून खाली बसले होते, ते पुन्हा उठले नाहीत.

ती पिशवी मॅडमनी पुढं बुलढाण्याच्या बसस्टँडवर एका अनोळखी बाईला देऊन टाकली. आणि मनात एक गोष्ट पक्की बसली की आपण पिशवी पुरी केली म्हणून ते गेले.

आता ही बाई अडाणी म्हणावी तर तसंही नाही. अंधश्रद्धेवरचा धडा शिकवायचा तर तो मॅडमनीच. लिंबू-मिरचीची माळ वर्गात आणून, मिरच्या सोडवून मुलांच्या खिचडीत टाकायला लावणारी बाई ती. मांजर आडवं गेलं की मुद्दाम त्याच रस्त्यानं जायच्या. पण स्वतःच्या पिशवीपाशी आल्या की सगळं शास्त्र बाहेर चपला काढून उभं राहायचं. आणि हे त्यांनी कोणाला सांगितलंही नव्हतं. मुलाला नाही, सुनेला नाही, मुलीला तर नाहीच.

सहलीचं सांगतो. आम्ही मुलांना घेऊन हिवरा आश्रमला गेलो होतो. परतायच्या वेळी चौथीतली एक मुलगी मोजणीत कमी भरली. आम्ही सगळे आश्रमात, दुकानांच्या ओळीत, नळापाशी पळत सुटलो. मॅडम मात्र बसच्या दारात उभ्या, हातात नव्यानं टाके घातलेली पिवळी लोकर, ओठ हलताहेत आणि हात त्याहून जोरात. मुलगी बसच्या शेवटच्या सीटखाली दप्तर उशाला घेऊन झोपलेली सापडली. मला वाटलं, संपलं आता. नाही संपलं. "सापडली, पण घरी कुठं पोचली?" असं म्हणून मॅडम सगळा रस्ता विणत राहिल्या. गावात एकेक मूल आईबापाच्या हातात गेलं. त्या मुलीचा बाप शेतातून यायला उशीर झाला तर या शाळेच्या पायरीवर तिला कुशीला घेऊन बसल्या आणि विणत राहिल्या. बापाची मोटरसायकल फाटकात आली तसा त्यांचा हात ओळीच्या मध्येच थांबला.

मी म्हटलं, "मॅडम, निदान ओळ तरी पुरी करा."

"काऊन? पोरगी पोचली ना."

मीही त्या पेटीत आहे. मोटरसायकल घेतल्यावर मी एसटी सोडली होती. सकाळी मी शाळेत आधीच पोचलेलो असायचो आणि मॅडम जीपमधून उतरता उतरता मला समोर बघून विचारायच्या, "आले का, सर?" आलो नसतो तर दिसलो कसा असतो, असं मी मनात म्हणायचो. एक दिवस गाडी बंद पडली म्हणून बसनं गेलो तर मॅडमच्या हातात करड्या लोकरीची पिशवी, चांगली वीतभर झालेली.

"ही कोणाची?"

"तुमची."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. घरी आई होती, बायको होती, त्यात आता ही एक. पण मॅडमनी ती पिशवी माझ्यापुढं धरली आणि बोट ठेवून दाखवलं. "हे पाहा. हा पाऊस झाला तो आठवडा." तिथली वीण इतकी घट्ट होती की नख शिरेना. "अन् इथं तुमी रजेवर होते." तिथं टाके सैल, मोकळे, हवा जाईल असे. काळजी वाढली की त्यांचा हात आवळायचा आणि ते लोकरीत उतरायचं. त्या पावसाळ्यात माझी गाडी वळणावर घसरली, गुडघा फुटला, आणि बायकोनं गाडीची किल्ली कपाटात टाकली. मी पुन्हा बसनं यायला लागलो. करडी पिशवी त्याच दिवशी पेटीत गेली. मला त्यानंतर मॅडमची चेष्टा तितकी मोकळेपणानं करता आली नाही.

कोरोनात तर लोकरीची दुकानं बंद. मॅडमनी घरातली जुनी स्वेटरं उसवली, मुलाच्या शाळेतलं निळं, यजमानांचं चॉकलेटी. त्या दिवसांतल्या पिशव्या सगळ्या दोन-तीन रंगांच्या आहेत. फोन केला की पलीकडून आधी सुयांचा आवाज यायचा, मग मॅडमचा.

त्यांची निवृत्ती जवळ आली त्याच वर्षी मुलगी मनीषा गरोदर राहिली. ती जालन्याला दिलेली. याआधी दोनदा तिचं बाळ पोटातच गेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला हलायला मनाई केली आणि मॅडमना इकडं शाळेतून हलता येईना. त्यांनी पोपटी लोकर आणली. ही पिशवी त्या कशा विणत होत्या ते मी रोज बसमध्ये बघत होतो. एक ओळ विणायची, दुसऱ्या दिवशी ती उसवायची, परत विणायची. मी आपला मनात म्हणायचो, वय झालं, नजर चुकत असेल. आता कळतं की त्या काम लांबवत होत्या. महिने भरेपर्यंत पिशवी भरू द्यायची नव्हती. तरी किती लांबवणार? हात थांबवला तर काळजी सोडल्यासारखं होतं, आणि चालवला तर पिशवी वाढते. शेवटच्या महिन्यात ती जवळजवळ पूर्ण झाली होती, फक्त तोंडाचे टाके तेवढे सुईवर.

इकडं निरोप समारंभाची तयारी चालली होती. मॅडमना काय द्यायचं यावर स्टाफरूममध्ये बरीच चर्चा झाली. पंखा, घड्याळ, सगळं होऊन गेलं. मग मॅडमची सून रेणुका एक कल्पना घेऊन आली. पोरगी गुणाची. सासूवर तिचा जीव.

ती म्हणाली, "सर, आईच्या अर्ध्या पिशव्या पेटीभर पडल्या. त्याईले वेळच भेटला नाही कधी. शाळा, घर, आमी. आपण साऱ्याजणी मिळून त्या पुऱ्या करून देऊ. आईले किती बरं वाटन!"

कल्पना सगळ्यांना एकदम आवडली. यापेक्षा चांगली भेट आजही मला सुचणार नाही. रेणुकानं पेटीतून थोड्या थोड्या पिशव्या काढून आणल्या, एरवी घरीच उभ्या असणाऱ्या माझ्या जुन्या चारचाकीतून मी त्या गावात पोचवल्या. बचत गटाच्या बायका, आमच्या घरच्या बायका, मॅडमच्या हाताखाली शिकून सासरी गेलेल्या दोघीतिघी, सगळ्या विणायला बसल्या. आणि सगळ्यांची तक्रार एकच, सुईच शिरत नाही. माझ्या बायकोच्या वाट्याला सहलीची पिवळी आली होती. ती वैतागून म्हणाली, "ह्या बाई पिशवी विणत होत्या का कोणाले बांधून ठेवत होत्या?" शेवटी बायकांनी आपापल्या हातानं वरचा भाग पुरा केला. त्यामुळे प्रत्येक पिशवी खाली आवळलेली आणि वर तोंडाशी ऐसपैस, अशी काहीतरीच दिसायला लागली.

समारंभाच्या दिवशी मॅडम काठापदराची नवी साडी नेसून आल्या. एरवीची पर्स त्या साडीवर शोभत नाही म्हणून रेणुकानं ती घरीच ठेवायला लावली होती आणि हातात छोटा बटवा दिला होता. मॅडम हेडसरांबरोबर लवकर पुढे आल्या. रेणुका दुपारी आली, हातात शेवटचं गाठोडं घेऊन.

शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. मग आम्ही व्हरांड्यातला पडदा ओढला. एका दोरीवर सगळ्या पिशव्या ओळीनं टांगलेल्या, लाल, पिवळी, करडी, निळी-चॉकलेटी. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हेडसर माइकवर म्हणाले, "मॅडम, आज मले पेढे वाटाच लागतात."

मी मॅडमच्या बाजूला उभा होतो. त्यांचा चेहरा आधी हसरा होता, तो तसाच राहिला, फक्त त्यातलं रक्त उतरलं. डोळे दोरीवरून हळूहळू सरकत होते. एकेक पिशवी त्या ओळखत होत्या. शेवटच्या टोकाला पोपटी पिशवी होती.

रेणुका त्यांच्या कानाशी वाकली. "ही सकाळी तुमच्या पर्समंधून काढली, आई. ही तं झालीच होती. मी टाके बंद केले, अस्तर लावलं अन् मशीनवर शिवून टाकली."

मॅडम उठल्या. माइक हातात घेतला. "लय छान केल्या," एवढंच म्हणाल्या आणि बसल्या. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं. टाळ्या पुन्हा झाल्या.

जेवणं सुरू झाली तशा मॅडम माझ्याजवळ आल्या. "सर, हापिसात कात्री आहे का?" मी कात्री घेऊन चौथीच्या वर्गात गेलो तर त्या बाकावर बसलेल्या, मांडीवर पोपटी पिशवी, आणि दोन्ही हातांनी तिच्या तोंडाशी लोकरीचं टोक शोधत होत्या. टोक सापडेना. रेणुकानं ते आत दडवून वरून शिलाई मारली होती. त्यांनी कात्री घेतली, पिशवीच्या काठाशी लावली, आणि हात तिथंच थांबला.

"कापून नाही जमत," त्या म्हणाल्या. "कापणं तं आणखी वाईट."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी मला सांगितलं. संग्रामपूर, बारसं, खुंटीला लावलेली पिशवी, फोन. सगळं एका दमात, खिडकीकडं बघत. आणि मग म्हणाल्या, "तुमी विज्ञानवाले ना, सर? सांगा मले, काही नसते असं."

"काही नसते, मॅडम."

"हे तं मीच शिकवलं पोराईले," त्या म्हणाल्या. "दुसरं काही सांगा."

त्यांनी मनीषाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग जावयाला. तिसऱ्या वेळी त्यानं घेतला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मी तुम्हालाच लावणार होतो, आई. बीपी एकदम वाढलं. पुढच्या आठवड्याची तारीख होती, पण डॉक्टर म्हणले थांबता येत नाही. आत्ताच आत नेलंय. सिझर करायलेत."

मॅडमनी फोन खाली ठेवला. पिशवीकडं बघितलं. मला वाटलं आता ही बाई इथंच कोसळते. मी पिशवी-बिशवी मानणारा माणूस नाही, पण त्या क्षणी ती पोपटी पिशवी मला बघवेना.

"चला," मी म्हटलं, "गाडी काढतो."

मॅडमचा मुलगा ड्युटीवर होता, येऊ शकला नव्हता. मी गाडी चालवत होतो, बाजूला मॅडम, मागं रेणुका. पिशवी मॅडमच्या मांडीवर. धाड मागं पडलं. जालन्याकडं जाणारा भोकरदनचा रस्ता लागला. मॅडम नखानं शिलाई उकरत होत्या, एकाच ठिकाणी, सारख्या. नखाशेजारची कातडी सोलली होती.

मागून रेणुका म्हणाली, "आई, ती उसवत नाही आता. मी दुहेरी शिलाई मारली. एकदम पक्की आहे."

मॅडम म्हणाल्या, "हाव, बाई. चांगलं केलं."

त्या एवढंच बोलल्या. सुनेला एक शब्द लागू दिला नाही. ते ऐकून मला पुढचा रस्ता नीट दिसेना. मी गाडी हळू केली तर मॅडम म्हणाल्या, "दमानंच चालवा. घाई नको." त्या अवस्थेतही त्यांना आमची काळजी होतीच.

फोन वाजला तेव्हा भोकरदन अजून यायचं होतं. मॅडमच्या हातून तो पायाशी पडला. रेणुकानं मागून वाकून उचलला आणि स्पीकर लावला.

"मुलगी झाली, आई. दोघी चांगल्या आहेत."

"खरं सांगा," मॅडम म्हणाल्या.

"खरंच. वजन थोडं कमी आहे, पण चांगली आहे."

"मनी कशी आहे? बोलते का?"

"गुंगीत आहे. डॉक्टर म्हणले काळजीचं कारण नाही."

"बाळ रडलं का?"

"रडली ना."

"मले ऐकू द्या."

"आई, ती आत आहे, नर्सपाशी—"

"मले ऐकू द्या, जावईबापू."

बऱ्याच वेळानं, कुणाकुणाशी बोलण्याचे, दार उघडल्याचे आवाज येऊन गेल्यावर, फोनमधून ते रडणं आलं. बारीक, किरकिरं, रागावलेलं. रेणुका मागं टाळ्या वाजवायला लागली. मी देवाचं नाव घेतलं, जे मी सहसा घेत नाही. रडणं थांबलं, फोन बंद झाला, तरी मॅडम तशाच फोनकडं बघत बसल्या.

"सर, गाडी थांबवा."

मला वाटलं त्यांना मळमळतंय. पुढं नाल्यावर एक छोटी मोरी होती, तिथं कडेला गाडी घेतली. मॅडम उतरल्या आणि मोरीच्या कठड्यावर बसल्या. दोन्हीकडं कपाशी उभी होती. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो. त्यांनी ती घेतली नाही.

मॅडम त्या दिवसापासून जालन्यालाच आहेत. नातीला सांभाळतात, इकडं येणं होत नाही, आमचं बोलणं फोनवर होतं. फोनवर सुयांचा आवाज येत नाही, आणि मीही विचारत नाही. मला त्या आठवतात त्या वर्गातल्याही नाहीत आणि बसमधल्याही नाहीत. काठापदराची साडी धुळीत टेकलेली, अशा त्या मोरीवर बसलेल्या आठवतात.

तिथं मोरीवर त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पिशवी पुरी झाली, सर."

"हो, मॅडम."

"पुरी झाली, शिवली, बंद बी लावला. अन् पोरगी जित्ती आहे. नात बी जित्ती आहे." त्या एकेक शब्द चाचपून ठेवत होत्या. "म्हंजे त्याईले मी नाही मारलं."

"नाही, मॅडम."

"मी नाही मारलं," त्या पुन्हा म्हणाल्या. "मले तं रडता बी नाही आलं तवा. साऱ्या बाया रडून राह्यल्या होत्या, अन् मी आपली कोपऱ्यात बसून. ज्यानं केलं त्यानं कसं रडावं, सर?"

आणि मग इंगळे मॅडम रडायला लागल्या. मोठ्यानं, गावाकडच्या बाया दारात मयत आल्यावर रडतात तशा, यजमानांचं नाव घेऊन, कठड्यावर हात आपटून. एक ट्रॅक्टर हळू झाला, मी त्याला हातानंच पुढं जायला सांगितलं.

रेणुका घाबरून गाडीतून उतरली. "सर, आई रडून काऊन राह्यल्या? सारं तं चांगलं झालं ना?"

"हो, चांगलं झालं," मी म्हटलं. "इंगळेभाऊ वारले ना, त्याचं रडून राह्यल्या. रडू दे त्याईले."

"मामंजीले जाऊन तं कितीक वर्षं झाले," रेणुका म्हणाली.

"हो," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं गाडीशी उभे राहिलो.